एका बोटात बंद

आधी पायाखालचा पंप घुमला. चंद्रभानने काचेवर नुसतं बोट टेकवलं होतं, नीट दाबलंही नव्हतं, आणि मालगाडीच्या डब्याएवढं ते कापड रंगवायचं मशीन जागं झालं. त्याच्या पोटातलं पाणी गरगरलं, कापडाचा लांबच लांब दोर झरोक्यातून अजगरासारखा सरकायला लागला. चंद्रभान दोन पावलं मागे सरला आणि आपल्या बोटाकडे बघत राहिला. बोट तेच होतं, जालन्याहून आणलेलं. नखात ग्रीस, टोकाला सोल्डरिंगचा जुना डाग. या बोटाने आजवर विजेचे झटके खाल्ले होते, पण उकळत्या पाण्याला ‘चल’ म्हणायची त्याची ऐपत कधी नव्हती.

हे शहाण्णव सालचं. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा मशीन चालू करायचं म्हणजे हिरवं बटण अंगठ्याने रेटायचं. ते अडकलं तर पान्ह्याच्या मुठीने. अशा मुलखात शेठने कुठल्याशा प्रदर्शनातून एक पडदा आणला. काचेचा, रंगीत, बोट लावलं की कळणारा. पडद्यावर काय दिसावं, कुठे बोट लावल्यावर काय व्हावं, हे सगळं आपणच ठरवायचं, आपणच कॉम्प्युटरवर आखायचं आणि वायरने पडद्यात उतरवायचं. मुंबईचा इंजिनिअर त्याचे पैसे फार मागत होता, म्हणून शेठने चंद्रभानला बोलावलं. चंद्रभान वायरमनचा सुपरवायझर झालेला माणूस. डिग्री नाही, पण जाडजूड इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायची खोड. फुकटात होणाऱ्या कामाला आपल्याकडे ‘संधी’ म्हणतात. शेठने त्याला संधी दिली.

पहिली अडचण गेटवरच आली. वॉचमन रामकिसनने खोकं उघडून पाहिलं आणि पडदा जप्त केला.

"टीव्ही आत न्यायला बंदी आहे."

"अरे, टीव्ही नाही हा. मशीनचं बटण आहे."

"बटण?" रामकिसनने पडदा उलटासुलटा केला. "मग दाबायचं कुठं?"

"कुठंही."

हे उत्तर खरं होतं, पण वॉचमनला देण्यासारखं नव्हतं. पडदा दिवसभर गेटवरच्या केबिनमध्ये राहिला. संध्याकाळी मॅनेजरने ‘लहान टीव्ही, चॅनेल नसलेला’ असं लिहून सही केली तेव्हा कुठे तो आत गेला. रामकिसनने शेवटपर्यंत आपला हेका सोडला नाही. क्रिकेटची मॅच असली की तो चंद्रभानला हळूच विचारायचा, "लागतंय का काही?"

दुसरी अडचण अक्षरांची. पडद्याला इंग्रजीच येत होतं. मुंबईच्या इंजिनिअरने फोनवर सांगितलं, "स्टार्ट-स्टॉप लिहून टाका, ऑपरेटर शिकतील." चंद्रभानचं डोकं फिरलं. रात्रंदिवस मशीनशी झगडणार पाड्यावरचा माणूस, आणि त्यानेच शिकायचं, कारण काचेला मराठी येत नाही! काचेला शिकव की लेका! त्याने पुस्तकात शोधलं. पडद्यावर चित्र काढता येत होतं, ठिपक्याठिपक्याने. मग अक्षर म्हणजे चित्रच. तो आलेखाचा कागद घेऊन घरी आला आणि चौकटी काळ्या करत बसला. पहिला ‘चालू’ झुरळासारखा दिसला.

शेजारच्या खोलीतल्या साखरबाई पीठ मागायला आल्या होत्या. त्या कागदावर वाकल्या.

"भाऊ, हे काय? ठिपक्यांची रांगोळीच की. पण ‘च’ला कंबर नाही ह्याच्या. उषे, घे गं पेन्सिल."

मग चंद्रभानची बायको उषा आणि साखरबाई यांनी त्याला बाजूला सारलं आणि ‘चालू’, ‘बंद’, ‘तापमान’, ‘पाणी भरा’ असे सगळे शब्द ठिपक्यांवर बसवले. बाहेर चाळीतल्या बायका कागद बघायला येऊन जायच्या. ‘तापमान’मधला ‘म’ त्यांच्यातल्या येसूबाईंना पटला नाही, तो त्यांनी खोडून पुन्हा काढला. आणि जेव्हा ती अक्षरं काचेवर निळ्या उजेडात उमटली तेव्हा चंद्रभानला गहिवरून आलं. हजारो मैलांवर बनलेली काच, आणि तिच्यात साखरबाईंच्या हातचं ‘चालू’! मुंबईचा इंजिनिअर काही म्हणो, एवढं देखणं ‘चालू’ त्याने जन्मात पाहिलं नसेल.

आता नागोराव. ते समोरच्या खोलीत राहत. जवळच्या अणुवीज प्लांटच्या कॅन्टीनमध्ये कामाला होते, पण बोलताना नेहमी ‘आम्ही रिअॅक्टरवाले’ म्हणत. पडदा कसा आखायचा यावर त्यांनी ओट्यावर बसून सल्ला दिला.

"चंद्रभानराव, चालू काय कोणीही करतो. बंद करता आलं पाहिजे. ‘बंद’ मधोमध पाहिजे, लालभडक, पोळपाटाएवढं. आणि ‘नक्की बंद करू का’ वगैरे पाहुण्यासारखं विचारत बसायचं नाही. आग लागल्यावर काय विचारपूस करता? एका बोटात बंद!"

हे चंद्रभानला इतकं पटलं की त्याने ते शेठलाही आपल्या नावावर खपवलं. ‘एका बोटात बंद’ हे शेठ पुढे येईल त्या पाहुण्याला ऐकवू लागले. पडदा जुन्या पॅनलच्या पत्र्यातच, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, चौकोन कापून बसवला आणि पंप घुमला. त्या दिवशी सगळी पाळी काचेसमोर उभी राहिली. चढतं तापमान रेषेसारखं वर जात होतं. आजपर्यंत मशीनच्या पोटात काय चाललंय हे वाफेच्या वासावरून ओळखायचं. आज ते डोळ्यांना दिसत होतं. मिलमध्ये आयुष्य काढलेले दोन म्हातारे टोप्या काढून उभे होते.

आणि दुसऱ्याच आठवड्यात मशीन मध्येच थांबलं.

हे मशीन मध्येच थांबणं म्हणजे काय ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. तापलेल्या रंगात कापड फिरतं आहे तोवर ठीक. थांबलं की जिथे गुंता पडेल तिथे रंग जास्त बसतो. रामा रंगाचा अख्खा लॉट बाहेर आला तो गायीच्या अंगासारखा, ठिपक्याठिपक्यांचा. पडद्यावर शांतपणे ‘बंद’ दिसत होतं. साखरबाईंच्या सुबक अक्षरात.

मग परत थांबलं. मग परत. कधी सकाळच्या पाळीला, कधी दुपारच्या. मात्र देवू ऑपरेटर असला की हमखास.

देवू डोंगराकडच्या पाड्यावरून यायचा, शिफ्टच्या बसने. घरची थोडी पावसाळी जमीन, वरी-नागलीची. पूर्वी पाऊस संपला की बायकापोरांना घेऊन वीटभट्टीवर जायचा. या नोकरीने ते जाणं थांबलं होतं. त्याची लाडकी नावाची मुलगी शाळेत एका जागी टिकली होती. मशीनची त्याला कसली भीती नव्हती आणि सुपरवायझरची तर नव्हतीच.

कारखान्यात काही बिघडलं की सगळ्यात खालच्या माणसाची आधी झडती घ्यायची, हा नियम कुठल्याच भिंतीवर लिहिलेला नसतो, तरी सगळ्यांना पाठ असतो. शेठना पाठ होता. मॅनेजरला पाठ होता. आणि जाडी पुस्तकं वाचणाऱ्या चंद्रभानलाही पाठ होता, हे त्याला लाजेने मान खाली घालायला लावणारं असलं तरी खरं होतं. त्याने देवूला कोपऱ्यात घेतलं.

"तू बंदला हात लावतोस."

"मी कशाला लावू? मला काय मशीन थांबवून शेतावर जायचं हाय?"

"मग थांबतं कसं?"

"तुमी बनवलं, तुमी सांगा. मी बनवलं असतं तर मी सांगितलं असतं."

शेठनी निकाल देऊन टाकला. सोमवारी पडदा काढायचा, जुनी बटणं बसवायची, आणि देवूला घरी पाठवायचं. पडदा गेला असता तर चंद्रभान पुन्हा ट्यूबलाइट बदलत फिरला असता, ते एक वेळ त्याने गिळलं असतं. पण देवू गेला तर सरळ वीटभट्टीवर जाणार होता, आणि चंद्रभानला अजून खात्री नव्हती की दोष त्याचा आहे.

चाळीत सल्ल्यांचा महापूर आला. नागोराव म्हणाले, घिवलीच्या किनाऱ्याकडून खारा वारा येतो, तो काचेवर बसतो आणि बोटाचं काम करतो; आम्ही रिअॅक्टरवाले रोज पुसतो. त्यांनी पुसलेली काच म्हणजे कॅन्टीनमधली फरसाणाची बरणी, पण चंद्रभानने पडदा पुसला. येसूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. चंद्रभानने ते हसून उडवलं आणि तेवढ्यात उषाने पडद्यामागे बांधायला लिंबू-मिरची दिली ती खिशात टाकली. अर्थिंग तपासलं, वायर बदलली, पडद्यासमोरचा पंखा हटवला. मुंबईच्या इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, "इंग्रजीत असतं तर असं झालं नसतं." चंद्रभानने फोन आपटला.

शेवटी त्याने स्वतः पहारा द्यायचं ठरवलं. शनिवारी सकाळी पाळी बदलली, मशीनमध्ये नवा लॉट फिरत होता. चंद्रभानने देवूला लांब स्टुलावर बसवलं, दोन्ही हात मांडीवर, दिसतील असे.

"देवू, हलायचं नाही. आज कोण बंद करतं ते मी माझ्या डोळ्यांनी बघणार."

"बघा. मला पण बघायचं हाय."

चंद्रभान पडद्यासमोर गेला. क्षणभर थांबला. आणि मशीन थांबलं.

पंप उसासा टाकून बसला. कापडाचा दोर झरोक्यात लोंबकळला. पडद्यावर ‘बंद’. आसपास कोणी नव्हतं. चंद्रभानने मागे वळून पाहिलं. देवू स्टुलावर होता, हात मांडीवर होते. खारा वारा नव्हता. इतक्या वर्षांत त्याने असल्या कशावर विश्वास ठेवला नव्हता, आणि आता पहिल्यांदा त्याला येसूबाईंचं म्हणणं विचार करण्यासारखं वाटलं.

स्टुलावरून हसण्याचा आवाज आला. देवू मांड्या बडवत होता.

"साहेब! तुमीच केलं ना!"

"मी? मी हातसुद्धा लावला नाही."

"लावला ना! आलात, काचेला हात लावला, मग छातीला लावला. नमस्कार केला मशीनला. मी काय आंधळा हाय?"

"खोटं बोलू नकोस. मी असलं काही मानत नाही."

"मानता का नाय ते मला माहीत नाय. हात लावलात ते माहीत हाय."

चंद्रभान भडकला. कामगाराने सुपरवायझरवर उलटून आळ घ्यावा! तो घरी आला आणि चपला काढता काढता उषाला म्हणाला, "तो देवू काय म्हणतो माहितीये? मी म्हणे मशीनला नमस्कार करतो."

उषा लाटणं टाकून हसायला लागली.

"अहो, स्कूटरला करता. गॅसच्या शेगडीला करता. मीटरच्या डब्याला करता. मागच्या महिन्यात नवा मिक्सर आणला तर त्याला केलात, आणि मला म्हणालात, उषा, देवबीव सगळं झूट आहे."

"कधी?"

"आत्ता आलात ना, दाराच्या उंबऱ्याला केलात."

चंद्रभानने आपला हात समोर धरून पाहिला. हा हात त्याच्याच खांद्याला जोडलेला होता, पण कारभार मात्र स्वतंत्र करत होता.

त्याने जेवण तसंच टाकलं आणि तो कारखान्यात परत गेला. स्टोअरमध्ये, भंगाराच्या ढिगाखाली, जुन्या पॅनलचा कापून काढलेला पत्र्याचा चौकोन होता. पडदा बसवण्यासाठी त्यानेच तो कापला होता. त्याने तो उजेडात धरला. हिरवा रंग सगळीकडे शाबूत होता, फक्त मधोमध, हाताच्या तळव्याएवढ्या जागेत, रंग उडून गेला होता आणि लोखंड चांदीसारखं झळकत होतं. किती वर्षं, किती पाळ्या, किती माणसं! पाळीतले जिव्या, गोमा, ते टोपीवाले म्हातारे, मशीनवर हात भाजून घेऊन नोकरी सोडून गेलेले, आणि आता नसलेलेही. प्रत्येकाने कामाला लागण्याआधी इथे हात टेकवला होता, कोणाला न सांगता, स्वतःलासुद्धा न सांगता. त्यांच्या नुसत्या स्पर्शाने लोखंड गुळगुळीत झालं होतं. आणि नेमक्या त्याच जागी, त्याच उंचीवर, आपल्या चंद्रभानने पोळपाटाएवढं लाल ‘बंद’ बसवलं होतं! बाकीचे बोटांची टोकं लावत, म्हणून त्यांचं कधी ‘बंद’ चुकायचं. देवू सगळा तळवा टेकवायचा.

चंद्रभानने त्या गुळगुळीत जागेवर आपला तळवा ठेवून पाहिला.

तो तसाच शेठच्या केबिनमध्ये गेला. शेठच्या डोक्यामागे लक्ष्मी, गणपती आणि दोन बाबांच्या तसबिरी होत्या. त्यांच्याभोवती रंगीत दिव्यांची माळ पळत होती.

"शेठ, देवूचा दोष नाही. नमस्कारामुळे थांबतं. सगळेच करतात. मीपण केला."

शेठनी चष्मा काढला. "नमस्कार से मशीन बंद? चंद्रभान, हे एक्स्पोर्टचा कारखाना हाय, मंदिर नाय. मी मॉडर्न आदमी. असला अंधश्रद्धा मला चालत नाय." मागची माळ हिरवी झाली, मग लाल झाली. "मंडे को देवू गया."

चंद्रभान बाहेर आला तेव्हा त्याला आणखी एक अडचण कळली, आणि ती आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी होती. पडदा दुरुस्त करणं सोपं होतं: ‘बंद’ खालच्या कोपऱ्यात सरकवायचं, मधली जागा मोकळी सोडायची. हात पडला तरी काही होणार नाही. पण काहीच होणार नाही म्हणजे पुरावाही उरणार नाही! मशीन थांबेनासं झालं की शेठ म्हणणार, बघा, देवूला दम दिला म्हणून थांबलं नाही. आणि मुद्दाम कोणाकडून नमस्कार करवून दाखवायचा तर तो मुद्दाम केलेला. नकळत केलेली गोष्ट मागणी केल्यावर करून दाखवता येत नाही.

"मग त्या मोकळ्या जागेत काहीतरी काढा की," उषा म्हणाली. "हात लागला की दिसेल असं. लागला की लागला."

तिने आलेखाच्या कागदावर एक समई काढली. साधी, एका वातीची. साखरबाईंनी तिला बूड दिलं, नाहीतर कलंडेल म्हणाल्या. चंद्रभानने रविवारी कॉम्प्युटरवर ती ठिपक्यांनी भरली: हात लागला की वात पेटायची, थोडा वेळ तेवायची आणि आपोआप विझायची. मशीनला तिचा पत्ताही नव्हता. पडद्यावरचं ते एकमेव चित्र होतं जे कुठलंही काम करत नव्हतं.

सोमवारी शेठ आले, मॅनेजर मागे, मॅनेजरमागे जुनी बटणं हातात धरलेला फिटर. देवू हिशेबाच्या तयारीने डबा काखेत मारून उभा होता. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण डबा फार घट्ट धरला होता. मशीनमध्ये लॉट फिरत होता. सगळी पाळी जमली.

शेठ तरातरा पडद्यासमोर आले. क्षणभर थांबले. मग वळून बोलायला लागले. "हां, तो आज से हे टच-बिच बंद. और देवू–"

"शेठ," चंद्रभान म्हणाला, "समई बघा."

पडद्याच्या मधोमध वात पेटली होती. निळ्या काचेत पिवळी, शांत.

"हे कोणी लावला?"

"तुम्ही."

"मी?" शेठ तापले. "मी आत्ता आला. मी हात बी नाय लावला!"

सगळी पाळी छताकडे बघायला लागली. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं. वात हळूहळू बारीक झाली आणि विझली.

"गेली," चंद्रभान म्हणाला. "कोणी हात लावल्याशिवाय पेटत नाही ती."

"मतलब मी खोटं बोलतो? माझ्या कारखान्यात, माझ्या माणसांसमोर?" शेठचा आवाज पत्र्यावर आपटला. "मैंने इसको छुआ नहीं. इस मशीन की कसम खा के बोलता हूँ!"

आणि कसम खाताना माणूस करतो तेच त्यांनी केलं. उजवा हात सबंध पडद्यावर ठेवला.

हात उचलला तेव्हा वात तेवत होती.

पंपाचा आवाज तेवढा चालू होता. कोणी हसलं नाही, देवूसुद्धा नाही. शेठ आपल्या तळव्याकडे बघत होते, चंद्रभानने आपल्या हाताकडे बघितलं होतं तसेच: ओळखीचा असून अनोळखी माणूस दारात उभा राहावा तसं. मग ते काचेकडे बघायला लागले. याच मशीनवर त्यांच्या वडिलांनी पहिला लॉट काढला होता असं लोक म्हणत. शेठ स्वतः कधी त्याबद्दल बोलत नसत. वात विझेपर्यंत ते तसेच उभे राहिले, आणि ती विझल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, जरा जास्तच वेळ.

फिटरने विचारलं, "शेठ, हे बटण बसवायचं ना?"

"कुठला बटण? ठेव स्टोअरमध्ये." शेठ देवूकडे वळले. "आणि तू डबा घेऊन काय उभा हाय? पिकनिक हाय काय? लॉट कोण काढणार?"

देवूने डबा खाली ठेवला. पडद्यासमोर गेला, सबंध तळवा टेकवला, छातीला लावला. वात पेटली. मशीन थांबलं नाही. मग त्याने तापमान बघितलं आणि कामाला लागला.

शेठ दारापर्यंत गेले आणि तिथून मोठ्याने ओरडले, सगळ्यांना ऐकू जाईल असे, नेहमीच्या शेठच्या आवाजात:

"चंद्रभान! ते समई जरा मोठी काढ. मला चष्मा लागतो."